पट पेटीत, खेळ आजीच्या डोक्यात

प्रश्न : आजीच्या लोखंडी पेटीच्या तळाशी एक कापडी पट सापडला. फुलीच्या आकाराचा, लाल-हिरव्या कापडाचा. सोबत सहा कवड्या आणि लाकडी सोंगट्या, पण सोळापैकी अकराच. हा जुना ल्युडोच ना? असे खेळ जमवावेत असं मनात आलं आहे. शिवाय आपल्या भागातल्या कापसावर एक नवा खेळ स्वतः तयार करावा, असंही. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : नातं आहे, पण तुम्ही म्हणता त्याच्या उलटं. तुमच्या हाती आला तो पच्चिशीचा पट, आणि ल्युडो हा तिचा विलायतेत वाढलेला नातू. १८९६ साली इंग्लंडमध्ये कवड्यांच्या जागी चौकोनी फासा आणि तो हलवायला पेला देऊन ‘ल्युडो’चं पेटंट घेतलं गेलं. अमेरिकेत तर त्याच्याही आधी, १८७०च्या दशकात, ‘पार्चिसी’ या नावानं हाच खेळ विकला जात होता. पुढे तो पुठ्ठ्यावर छापून आपल्याकडे परत आला, पाठीवर सापशिडी घेऊन. ती सापशिडीही इथलीच. आपल्याकडे तिला मोक्षपट म्हणतात आणि तिचं जनकत्व परंपरा ज्ञानेश्वरांना देते. मात्र आज हाती असलेले, काळ ठरवता येणारे जुने पट अठराव्या शतकाच्या आसपासचे आहेत, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या सुमारे साडेचारशे वर्षांनंतरचे. श्रद्धा आणि पुरावा यांच्यात एवढं अंतर असलं की संग्राहकानं दोन्ही गोष्टी वहीत लिहाव्यात, वेगवेगळ्या रकान्यांत.

तुमच्या पटाची घरं आधी मोजा. चार हात, हाताला तीन ओळी, ओळीत आठ घरं. एका हाताला २४, चार हातांची ९६, आणि मधला चौक. हे मी उगीच सांगत नाही. एकदा ‘शंभर वर्षांपूर्वीचा’ म्हणून मी हौसेनं एक पट विकत घेतला. घरी आणून मोजला तर एका हाताला २१ घरं आणि समोरच्या हाताला २४. भिंतीवर टांगायला शिवलेला होता तो, खेळायला नव्हे. तेव्हापासून कापडाचा रंग नंतर बघतो, आधी बोट टेकवून घरं मोजतो.

मोजून झालं तरी खेळ हाती लागत नाही. याच पटावर कवड्या टाकल्या तर पच्चिशी, लांबट फासे टाकले तर सारीपाट. कापड तेच, डाव वेगळा. पळून जाण्याला आपण ‘पोबारा करणं’ म्हणतो, तो पोबारा म्हणजे मुळात फाशांचं दान : एक आणि दोन सहा, पौ आणि बारा. भाषेत दान शिल्लक राहिलं, घरात ते टाकणारं कुणी राहिलं नाही. म्हणून हरवलेल्या पाच सोंगट्यांची काळजी करू नका, सुतार त्या तासाभरात करून देईल. आजीच्या डोक्यातले नियम मात्र कुठलाच सुतार करून देणार नाही. आधी तेच जमवा.

विचारायचं कसं? ‘आजी, नियम सांग’ म्हणून नाही. असं विचारलं की माणसं गडबडतात, ‘ते काय, सोपंच तर आहे’ म्हणून मोकळी होतात. त्यापेक्षा खेळायला बसवा आणि मुद्दाम चुकीची चाल करा. आजी हात धरील, तिथे एक नियम. पट खाली, वही मांडीवर.

या पद्धतीला पटापेक्षा अधिक सोपं जाईल ते अष्टाचम्मा, कुठे कुठे त्यालाच चल्लसआठ म्हणतात. ओट्यावर विटेच्या तुकड्यानं आखलेली पाच बाय पाच म्हणजे २५ घरं, त्यांतल्या पाच घरांवर फुल्या, सोंगट्या म्हणून बांगड्यांचे तुकडे किंवा बटणं, आणि दान टाकायला चार कवड्या. कवड्या नसल्या तर फोडलेले चिंचोके. फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही, चम्मा (चार) किंवा अष्टा (आठ) पडला की पुन्हा हात मिळतो. पण दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेऱ्यात जायचं की नाही, यावर दोन शेजारच्या घरांतही एकमत सापडत नाही. संग्राहकाचा खरा माल हाच. प्रत्येक फरकापुढे गाव, खेळणारीचं वय आणि तिनं तो कुणाकडून शिकला ते लिहा. बाई सासरी येताना नियम माहेरहून आणते, त्यामुळे गावाइतकंच माहेर महत्त्वाचं.

पटाची निगा थोडक्यात : धुऊ नका, इस्त्री करू नका, जुन्याच घडीवर पुन्हा घडी घालू नका. जुन्या मऊ सुती धोतरात सैल गुंडाळी करून ठेवा. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहून या. सावंतवाडीला गेलात तर गंजिफा हाताळा, दशावतारी जोडात १२० गोल पानं असतात. ते पत्ते, पट नव्हे, पण पाहिल्यावर हा भेद तुम्ही फार मनावर घेणार नाही.

आता नव्या खेळाकडे. तुमच्या पत्रातला मला सर्वांत आवडलेला भाग हा आहे, आणि त्याची सुरुवातही चिंचोक्यापासूनच करा. चार चिंचोके फोडून पांढऱ्या बाजू वर किती ते मोजलं की एक ते चार पडतात, आणि चारही काळे पडले तर आठ. पांढरं-काळं सारख्याच शक्यतेनं पडतं असं धरलं तर १६ दानांत एक सरासरी चार वेळा, दोन सहा वेळा, तीन चार वेळा, चम्मा एकदा आणि अष्टाही एकदाच. पण चिंचोका एका बाजूनं फुगीर आणि दुसऱ्या बाजूनं सपाट. समजा तो १०० पैकी ६० वेळा पांढरा पडला, तर चम्मा १०० दानांत सुमारे १३ वेळा येईल आणि अष्टा जेमतेम अडीच वेळा. एवढ्याशा कलानं अख्खा खेळ बदलतो. तेव्हा तुमचे चार चिंचोके २०० वेळा टाका आणि नोंद ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण खेळ रचणाऱ्याला तेवढा कंटाळा परवडायला हवा.

मग ठरवा की खेळात माणसाला कशाची धाकधूक वाटली पाहिजे. कापसात ती शोधायला लांब जावं लागत नाही. मृगाचा पाऊस पडला, आता पेरायचं की थांबायचं? पेरलं आणि पावसानं दडी मारली की दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचे पैसे पुन्हा. थांबलं तर शेजारचा पुढे. पुढे वेचणी. पहिल्या वेच्याचा कापूस दारात आलेल्या व्यापाऱ्याला खेडा खरेदीत कमी भावानं द्यायचा, की घरात गंजी लावून भावाची वाट बघायची? यातल्या प्रत्येक वळणावर खेळणारा अडला पाहिजे. दान जे पडेल ते पडेल, पण अडवायचं काम पटानं नाही, खेळणाऱ्याच्या निवडीनं केलं पाहिजे. नुसतं ‘बोंडअळी आली, दोन घरं मागे’ असं लिहिलंत तर ती सापशिडीच झाली, फक्त साप गुलाबी. आत्महत्येचं घर मात्र पटावर नको. ते दुःख या जिल्ह्यात अनेक उंबरठ्यांच्या आत आहे, त्यावर सोंगटी टेकवू नये.

तुमच्या गावातून आणखी एक धागा जातो. १९०३ साली सुरू झालेली मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे, ११३ किलोमीटर, कारंजा आणि दारव्हा गाठत जायची. ती घातलीच कापूस वाहायला. रेल्वेमार्ग जोडत जाण्याचे खेळ जगभर खपतात, ‘तिकीट टू राइड’ हा २००४ सालचा त्यांतला गाजलेला. आपल्या मार्गावर वाहायला कापसाच्या गाठी आहेत, मग शिकागोची तिकिटं कशाला?

मोनोपॉलीची गोष्टही जाता जाता. तिची मूळ आवृत्ती लिझी मॅगी या बाईनं १९०४ साली पेटंट करून घेतली, जमिनीच्या भाड्यावर श्रीमंत होण्यातला अन्याय दाखवायला. लोकांना भाडं वसूल करायलाच जास्त मजा आली. यवतमाळच्या कापूसवाल्यांना ‘एकाधिकार’, म्हणजे मोनोपॉली, हा शब्द कळायला तर खेळ लागलाच नाही, १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेनं तो शिकवला.

पहिला नमुना फुकटात होतो. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू म्हणजे पत्ते, सरकी म्हणजे बियाणं, तुरीचे दाणे म्हणजे पैसे. छापखान्याकडे जाऊ नका. एकदा छापलं की चुकीच्या नियमावरही माया जडते. घरच्यांबरोबर खेळू नका, ते तुमच्या आनंदासाठी हसतात. चौकातली चार शाळकरी पोरं बसवा, नियमांचा कागद त्यांच्या हाती द्या आणि स्वतः गप्प राहा. तोंड उघडावंसं वाटेल त्या प्रत्येक जागी कागद अपुरा आहे.

खेळ कुणी चोरेल का? खेळण्याच्या पद्धतीला भारतात पेटंट मिळत नाही, १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(एम) मध्येच तसं स्पष्ट आहे. तुमच्या पटाचं चित्र आणि नियमांची तुमची लिखित मांडणी यांवर प्रताधिकार असतो, कल्पनेवर नाही.

पण हे सगळं नंतर. आज संध्याकाळी पट उलगडा, आजीसमोर बसा आणि पहिलीच चाल चुकवा. आणि तिच्या माहेरी सोंगटी मारल्याशिवाय आत जाऊ देत होते का, तेवढं मला जरूर कळवा.