विशेष शाळेतलं लेकरू अठराचं होतं तेव्हा



मागे अकोल्यातल्या एका वस्तीत महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही रक्तदाब तपासायला गेलो होतो. तपासणी आटोपली, बाया घरोघरी गेल्या, एक माय मात्र सतरंजीवर बसूनच राहिली. तिचा मुलगा बौद्धिक दिव्यांग. बारा वर्षं विशेष शाळेत गेला. अठरा पूर्ण झाले आणि शाळेनं दाखला हातात दिला. तेव्हापासून तो रोज सकाळी आंघोळ करून, दप्तर घेऊन ओट्यावर बसतो आणि शाळेच्या गाडीची वाट पाहतो. गाडी येत नाही. दुपारी दप्तर फेकतो, कधी मायच्या अंगावर धावतो. "शाळेत होता तोवर बरं होतं ताई," ती म्हणाली. "आता मी कामाला जाऊ का याच्यापाशी बसू? अन् मी गेल्यावर याचं कसं होईन?"

तिचे प्रश्न दोन आहेत. उद्या सकाळचं काय, हा पहिला. मायबाप नसतील तेव्हाचं काय, हा दुसरा. अमरावतीत फ्रेझरपुऱ्यातही आम्ही हेच दोन प्रश्न ऐकले, फक्त तिथं मुलगी होती, त्यामुळं काळजी आणखी वेगळी. म्हणून या वेळचं आरोग्याचं पान याच विषयाला दिलं आहे.

दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये झाला. त्यानुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. घरं चुकतात ती इथंच. अठरावं उजाडलं की विचार सुरू करतात. विचार सुरू व्हायला हवा तेराव्या-चौदाव्या वर्षी. अमेरिकेत तर कायदाच आहे, की दिव्यांग विद्यार्थी सोळाचा होईपर्यंत त्याच्या शिक्षणाच्या आराखड्यात शाळेनंतर तो काय शिकेल, काय काम करेल, कुठं राहील हे लिहिलं गेलं पाहिजे. आपल्याकडं तशी सक्ती नाही, पण विचारायला बंदीही नाही. मूल चौदाचं झालं की शाळेत जाऊन विशेष शिक्षकांना सरळ विचारा: "याला पुढच्या चार वर्षांत घरचं कोणतं काम येईल? बाजारातलं कोणतं?" अ, आ, इ पुन्हा पुन्हा गिरवण्यात चार वर्षं गेली तर ती परत येत नाहीत.

शेजारणी कानात काय सांगतात तेही आम्हाला ठाऊक आहे. मागल्या जन्मीचं काहीतरी असेल, अमक्या बाबाकडं नेऊन पाहा. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये मागल्या जन्मीच्या कर्माची ही कल्पनाच नाकारली आहे, हे आपल्या घरात तरी सांगावं लागू नये. बाळंतपणात बाळाला श्वास उशिरा मिळणं, मेंदूज्वर, थायरॉइडची कमतरता, गुणसूत्रातला फरक अशी दिव्यांगत्वाची कारणं असतात. कित्येकदा कारण सापडतही नाही. मायनं काही पाप केलं म्हणून लेकरू असं झालं नाही.

आता शिकवायचं कसं ते पाहू. बहुतेक घरी मायच सगळं करून देते, कारण मुलगा हळू करतो आणि तिला कामाला निघायचं असतं. विसाव्या वर्षीही शर्टाची बटणं मायच लावते. विशेष शिक्षक एक युक्ती वापरतात, ती घरीही जमते. काम बारीक तुकड्यांत तोडायचं आणि शेवटच्या तुकड्यापासून शिकवायचं. बटणाचंच घ्या. चार बटणं तुम्ही लावा, पाचवं अर्धं काजात घाला आणि ओढायचं काम त्याला द्या. ते जमलं की पाचवं पूर्ण त्याचं. मग चौथं आणि पाचवं. काम दर वेळी त्याच्या हातून पूर्ण होतं, म्हणून त्याला गोडी लागते. पहिल्यापासून शिकवायला गेलं की तो अर्ध्यावर अडकतो आणि आपण चिडतो. आंघोळ, दात घासणं, भाजी निवडणं, कणीक भिजवणं सगळं याच रीतीनं. एका वेळी एकच काम, रोज त्याच वेळी, घरातल्या सगळ्यांनी त्याच पद्धतीनं. आजी एक सांगते आणि मामा दुसरं, असं झालं की मूल गोंधळतं.

ज्याला आकडे कळत नाहीत त्यालाही व्यवहार शिकवता येतो. एका घरी आम्ही पाहिलं, माय मुलाला रोज दहाची नोट देऊन समोरच्या दुकानातून कोथिंबीर आणायला पाठवायची. दुकानदाराला तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. सहा महिन्यांनी तो वीसची नोट घेऊन दोन वस्तू आणू लागला. नोट तो रंगावरून ओळखतो, आकड्यावरून नाही. काही बिघडत नाही. फोन नंबर मात्र पाठ करवा. नाहीच झाला तर खिशात कायम चिठ्ठी असू द्या.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्टच लिहितो. पाळी सुरू झाली की काही घरी सल्ला मिळतो, "गर्भपिशवी काढून टाका, कटकट जाईल." 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या बौद्धिक दिव्यांग मुलींच्या गर्भपिशव्या अशाच काढल्या गेल्या आणि त्यावर राज्यभर महिला संघटनांनी आवाज उठवला. आज 2016 च्या कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय मूल होण्याची क्षमता संपवणारा कोणताही उपचार करता येत नाही. दुसरं असं, की पिशवी काढल्यानं मुलीवरचा अत्याचार थांबत नाही. दिवस राहत नाहीत म्हणून तो फक्त लपतो. ज्या आजारात गर्भपिशवी काढावीच लागते तो आजार वेगळा, तो डॉक्टर तपासून ठरवतात.

पाळीचं शिकवता येतं. पाळी येण्याआधीच सुरुवात करा. कॅलेंडरवर लाल टिकली लावायची, पॅडवर थोडं कुंकवाचं पाणी टाकून दाखवायचं, चड्डीला चिकटवायला शिकवायचं, वापरलेलं कागदात गुंडाळून कुठं टाकायचं ते दाखवायचं. इथंही शेवटच्या पायरीपासून. वर्ष लागेल, लागू द्या. मुलगा असो की मुलगी, अंगाला कोणी कुठं हात लावायचा नाही, कपडे कुठं काढायचे आणि "नाही" मोठ्यानं कसं म्हणायचं, हे त्यांच्या भाषेत रोज सांगा. जे मूल आयुष्यभर फक्त सांगितलं ते ऐकायलाच शिकलं, त्याला वाईट माणसाचंही ऐकायची सवय असते. आज्ञाधारक लेकराचं आपल्याला कौतुक वाटतं, पण त्यात हा धोका आहे.

अनेक बौद्धिक दिव्यांग मुलांना फिट्स येतात. गोळ्या दिवसवार खणांच्या डबीत भरून ठेवा आणि त्यानं स्वतः काढून घ्यायची सवय लावा. तुम्ही फक्त पाहा. बरं वाटतं म्हणून गोळी आपल्या मनानं एकदम बंद करू नका, फिट उलटून येते. फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा. फिट येणाऱ्याला विहिरीवर, चुलीपाशी, फिरत्या यंत्रावर एकट्यानं काम देऊ नये. डाउन सिंड्रोम असेल तर वर्षातून एकदा थायरॉइडची तपासणी करून घ्या, सुस्ती बरेचदा तिथूनच येते.

आता काम. अठरा वर्षांवरच्या बौद्धिक दिव्यांगांसाठी कार्यशाळा असतात. तुमच्या जिल्ह्यात कुठं जागा आहे ते जिल्हा परिषदेत चौकशी करून कळेल. पण सगळ्यांना पणत्या रंगवायला आणि कागदी पिशव्या चिकटवायलाच का बसवायचं, हे आम्हाला पटत नाही. अकोल्यात दालमिल आहेत, पापड-शेवयांचे घरगुती धंदे आहेत. तिथं मोजायचं, भरायचं, शिलाई मारायचं काम असतं. ज्याला मोजता येत नाही त्याला साचा द्या. आमच्या ओळखीतल्या एका बाईनं अंड्यांचा ट्रे वापरला. प्रत्येक खळग्यात एक लाडू, ट्रे भरला की तीस झाले. तिचा पुतण्या आता रोज सकाळी दोन तास हेच करतो आणि ती त्याला हातावर पैसे देते. पैसे द्यावेत. घरचाच आहे म्हणून फुकट राबवून घेतलं तर ती तयारी नव्हे.

आपल्याच अमरावती जिल्ह्यात, परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांचा आश्रम आहे. बेवारस सापडलेली दिव्यांग मुलं तिथं वाढली. बालगृहाच्या नियमानं अठरा झालं की मुलाला बाहेर पडावं लागतं. ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही त्यानं बाहेर पडून जायचं कुठं? शंकरबाबांनी मुलांना आपलं नाव दिलं, अठरानंतरही ठेवून घेतलं, कित्येकांची लग्नं लावली आणि अशा मुलांना आजीवन आसरा मिळावा असा कायदा करा, ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथली मुलं बसून खात नव्हती. उजाड टेकडीवर त्यांनी हजारो झाडं वाढवली. ज्याला जे जमेल ते त्याचं काम. जळगावच्या रेल्वे स्थानकावर टाकून दिलेली एक अंध मुलगी याच आश्रमात मोठी झाली. ब्रेल शिकली, अमरावतीत पदवी घेतली आणि 2024 मध्ये लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. ती माला पापळकर. तिच्या बातम्या आल्या तेव्हा वस्तीतल्या काही मायबापांनी आम्हाला विचारलं, "आमचं पोट्टं असं होईन का?" प्रत्येक मूल परीक्षा देणार नाही. पण अंध मुलीसमोर वीस वर्षं रोज कुणीतरी ब्रेलचं पुस्तक ठेवलं, हे मात्र प्रत्येक घरानं पाहण्यासारखं आहे.

मायचा दुसरा प्रश्न कागदांचा आहे आणि कागद मायबाप हयात असतानाच होतात. दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड हे पहिलं. लहानपणी काढलेल्या कार्डावर बरेचदा मुदत असते, ती पाहा. संपली असेल तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात पुन्हा तपासणी होते. कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात सिकलसेलही आहे, हे आपल्या भागातल्या कित्येक घरांना अजून माहीत नाही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये होतो. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेला दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी खर्च करावा लागतो, तो मागावा लागतो.

अठरा झाल्यावर कायद्याच्या नजरेत मायबाप आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडं पालकत्वाचा अर्ज करता येतो. याच न्यासाची निरामय विमा योजना आहे, तिच्यात 1 लाख रुपयांपर्यंत उपचारखर्च मिळतो. आणि घरात कोणी जुन्या पेन्शनवर सरकारी नोकरीत असेल तर नीट वाचा. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. त्यासाठी अपत्याचं नाव आणि प्रमाणपत्र कार्यालयात आजच नोंदवून ठेवा. बाप गेल्यावर भावंडांना हे सिद्ध करत फिरावं लागतं, ते आम्ही पाहिलं आहे.

त्या मायकडं आम्ही पुन्हा गेलो होतो. दप्तर तिनं बंद केलेलं नाही, आणि ते बरंच केलं. आता सकाळी दप्तरात डबा आणि पाण्याची बाटली भरून तो चुलत्याच्या सायकल दुकानात जातो. चुलत्यानं त्याला चाकात हवा भरायला शिकवायला घेतलं आहे. सध्या पंप धरण्यापर्यंत मजल गेली आहे.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर आम्ही विहारात अर्ज भरायला बसणार आहोत. आधार कार्ड, रेशन कार्ड, जुनं प्रमाणपत्र, शाळेचा दाखला आणि दोन फोटो घेऊन या. झेरॉक्स घरूनच करून आणा, त्या दिवशी दुकान बंद असतं. लेकरालाही सोबत आणा, त्याचा अर्ज त्याच्यासमोर भरू.