आवाज टोचतो आहे? स्पीकर बदलण्याआधी करायच्या तपासण्या

गाणे लावून थोडा वेळ झाला की आवाज कमी करावासा वाटतो. गायिकेचा प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ कानाला बोचतो, टाळ-झांजा अंगावर येतात आणि डग्ग्याचा घुमार ऐकूच येत नाही. अशा वेळी नवे स्पीकर घ्यावेत असे वाटणे साहजिक आहे. परंतु ध्वनी तीक्ष्ण वाटणे हा तोलाचा प्रश्न आहे. ट्रेबल, म्हणजे उच्च कंप्रतेचा ध्वनी, खरोखर जास्त असेल तर तो टोचतो. पण बेस, म्हणजे खालचा ध्वनी, कमी पडत असेल तरी तसाच टोचतो. यांपैकी आपल्या घरी काय घडते आहे हे ठरल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत. त्यासाठी पुढील क्रम पाळावा. सुरुवातीच्या पायऱ्यांना काहीच खर्च नाही, म्हणून त्या आधी घेतल्या आहेत.

१. तक्रार नेमकी करून घ्यावी. आपल्या पूर्ण परिचयाची, अलीकडच्या काळात चांगली मुद्रित झालेली तीन-चार गाणी निवडावीत. जुनी चित्रपटगीते या कामासाठी घेऊ नयेत. त्यांच्या मूळ मुद्रणातच खालचा ध्वनी कमी असतो आणि चांगल्या स्पीकरवर ते उलट अधिक उघडे पडते. तबल्याची साथ असलेले गायन सर्वांत उपयोगी. चाटीवरचा ‘ना’ आणि डग्ग्याचा घुमार यांचे प्रमाण एकदा हेडफोनवर ऐकावे आणि लगेच स्पीकरवर. दोन्हीकडे टोचत असेल तर दोष मुद्रणात असू शकतो. भांड्यांचा आवाज, हॉर्न, फोनची घंटा हेही अलीकडे अचानक असह्य होऊ लागले असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. त्यात दिरंगाई करू नये.

२. वायर तपासावी. एका स्पीकरची लाल-काळी टोके उलट जोडली गेली असतील तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो. त्यामुळे खालचा ध्वनी परस्परांना खोडतो आणि उरलेला पातळ, तीक्ष्ण वाटतो. साध्या, खूण नसलेल्या वायरीने जोडणी केलेल्या घरांत ही चूक सहज होते. निवेदकाचा आवाज लावून दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसावे. आवाज मधूनच आला तर जोडणी ठीक. तो पसरट वाटला तर अँप बंद करून एकाच स्पीकरची टोके बदलावीत.

३. सेटिंग पाहावीत. ट्रेबलचे बटण मध्यावर आणावे, फोनमधील आणि टीव्हीमधील ‘क्लिअर व्हॉइस’सारखे पर्याय बंद करावेत. एव्ही रिसीव्हर असेल आणि सबवूफर नसेल, तर रिसीव्हरला तसे सांगितले आहे ना याची खात्री करावी. नाहीतर तो साधारण 80 हर्ट्झखालचा सगळा ध्वनी अस्तित्वात नसलेल्या सबवूफरकडे पाठवत राहतो. आपण किती मोठ्याने ऐकता हेही महत्त्वाचे आहे. हळू आवाजात माणसाच्या कानाला बेस अधिक कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मनसन यांनी 1933 मध्ये मोजून दाखवले. रात्री हळू ऐकताना ‘लाउडनेस’ बटण त्यासाठीच असते. याउलट छोट्या अँपला फार ताणले तर ध्वनिलहरींची शिखरे छाटली जातात आणि कर्कशपणा येतो. केवळ मोठ्या आवाजात टोचत असेल तर संशय आधी अँपवर घ्यावा.

४. स्पीकर हलवून पाहावेत. ट्रेबल टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. स्पीकरची तोंडे थेट आपल्या कानांकडे वळवलेली असतील तर ती सरळ समोर करावीत. एवढ्यानेच फरक जाणवतो. नंतर दोन्ही स्पीकर 15-15 सेंटीमीटरने मागच्या भिंतीकडे सरकवत ऐकावे. भिंत जवळ आली की बेस वाढतो. मागे हवेचे छिद्र, म्हणजे पोर्ट असेल, तर थोडे अंतर मात्र राखावे. समोरची कापडी जाळी काढून ठेवली असेल तर ती परत लावून ऐकावे.

५. आता खोली. आपल्याकडच्या बहुतेक हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स, गुळगुळीत प्लास्टर आणि काचेच्या सरकत्या खिडक्या असतात. यांपैकी कशातच ट्रेबल फारसा शोषला जात नाही. तो पुन्हा पुन्हा आदळून कानाशी येतो. स्वच्छतेला सोपी अशी ही खोली ध्वनीसाठी कठीण असते. मध्ये उभे राहून एकदा टाळी वाजवावी. मागोमाग धातूसारखी झणझण ऐकू आली तर निम्मे निदान झाले.

खोलीतील ध्वनीच्या शास्त्राचा पाया हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबाइन यांनी घातला. तिथल्या एका व्याख्यानगृहात बोललेले कळत नसे. 1895 पासून त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातील बैठकांच्या गाद्या तिथे नेऊन घुमण्याचा काळ मोजला. त्यातून निघालेले सूत्र असे: खोलीचे घनफळ (घनमीटर) गुणिले 0.161, भागिले एकूण शोषण, म्हणजे घुमण्याचा काळ सेकंदांत. शोषणाचे त्यांचे एकक होते उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला ध्वनी परत येत नाही. 12 बाय 14 फुटांची, 10 फूट उंच खोली साधारण 48 घनमीटरची होते. तिच्यात शोषण 6 चौरस मीटर उघड्या खिडकीइतकेच असेल तर आवाज जवळजवळ 1.3 सेकंद घुमतो. शोषण 12 झाले की काळ निम्म्यावर येतो. निवांत संगीत ऐकण्यासाठी अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा काळ सोयीचा.

शोषण वाढवून पाहण्यासाठी लगेच काही विकत आणू नये. आपण आणि स्पीकर यांच्यामधल्या फरशीवर दोन जाड गोधड्या किंवा एक गादी अंथरावी. मग घरातील कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगावे. आपल्या जागेवरून आरशात ट्वीटर, म्हणजे ट्रेबलचा छोटा स्पीकर, जिथे दिसेल तिथूनच परावर्तन येते; त्या ठिकाणी दुसरी गादी उभी करावी. त्याच गाण्यांनी पुन्हा ऐकावे. आवाज निवळला तर खर्च जाड गालिचा, दुपदरी पडदे आणि पुस्तकांच्या उघड्या कपाटावर करावा. पातळ सतरंजी पुरत नाही: 2000 हर्ट्झच्या लहरीची लांबी 17 सेंटीमीटर असते आणि ती अडवायला जाडी लागते. फोमच्या कोनदार पट्ट्या भिंतभर चिकटवू नयेत. त्या वरचा ध्वनी मारतात, मधला तसाच घुमत ठेवतात आणि हॉल राहण्यासारखा दिसत नाही.

६. इक्वलायझर वापरावा. तो वापरण्यात कमीपणा नाही. 4000 हर्ट्झच्या वरचा भाग 2 ते 3 डेसिबलने खाली आणून एक-दोन आठवडे तसेच ऐकावे. कान निवले आणि काही हरवल्यासारखे वाटले नाही, तर प्रश्न सुटला. ट्रेबल कमी होऊनही ‘स’मधला खरखरीतपणा तसाच राहिला, तर मात्र ती स्पीकरची स्वतःची विकृती असण्याची शक्यता बरीच आहे, इक्वलायझरने ती जात नाही.

७. अदलाबदल करावी. निर्णायक चाचणी हीच. आपले स्पीकर गालिचा-सोफ्याच्या एखाद्या मित्राच्या घरी नेऊन ऐकावेत आणि त्यांचे आपल्याकडे आणावेत. आपले तिथेही टोचले आणि त्यांचे आपल्या खोलीत गोड लागले, तर स्पीकर बदलावेत. आता संकोच नको. दोन्ही जोड्या आपल्याच खोलीत टोचल्या तर नवी जोडीही टोचेल. आणि आपले स्पीकर छोटे बुकशेल्फ असून ट्रेबल ठीक, फक्त भरीवपणा कमी असे जाणवले, तर ते ठेवून सबवूफर जोडणे अधिक शहाणपणाचे आहे.

८. खरेदीच करायची असेल तर आधी कोणत्या कंप्रतेला किती ध्वनी निघतो याच्या मोजमापांचे आलेख पाहावेत. फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हार्मन कंपनीत, स्पीकर पडद्याआड ठेवून श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या. समोरून सपाट आणि बाजूने सावकाश उतरत जाणारा आलेख असलेले स्पीकर श्रोत्यांना अधिक पसंत पडत, असे त्यांतून दिसले. 5000 हर्ट्झनंतर आलेख वर चढत असेल तर ती जोडी टाइल्सच्या हॉलसाठी घेऊ नये. ट्वीटर रेशमी की धातूचा, यावरून निर्णय करू नये. दोन्हींत चांगले-वाईट असतात. महाग केबलवर खर्च करू नये.

९. शोरूममध्ये गालिचे असतात, म्हणून तिथे मवाळ वाटलेला स्पीकर घरी तीक्ष्ण वाटू शकतो. त्यातच किंचित मोठा आणि चमकदार आवाज पहिल्या पाच मिनिटांत नेहमीच सरस भासतो. दोन जोड्यांची पातळी समान ठेवायला सांगावी, प्रत्येक जोडी किमान अर्धा तास ऐकावी आणि घरी डेमो किंवा परत देण्याची सोय लेखी मागावी. नवी जोडी आपल्याच खोलीत, आपल्याच गाण्यांवर महिनाभर ऐकून होईपर्यंत जुनी विकू नये.