बॅटरीचे वजन आणि ब्रेकची ताकद

बेंगळुरू येथील रेवा इलेक्ट्रिक कार कंपनीने २००१ साली 'रेवा' ही विजेवर चालणारी छोटी मोटार बाजारात आणली. तिच्या पुढील आसनांखाली सहा व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या बसवलेल्या होत्या. अशा बॅटऱ्या अतिशय जड असतात. म्हणून रचनाकारांनी पोलादी सांगाड्यावर प्लॅस्टिकचे हलके पत्रे चढवले आणि वजनाचा हिशोब आधी मांडून मगच गाडी घडवली. पुढे हीच गाडी लंडनमध्ये 'जी-विझ' या नावाने विकली गेली. युरोपातील ज्या हलक्या चारचाकींच्या वर्गात ती मोडत होती, त्या वर्गाची वजनमर्यादा ४०० किलो होती. मात्र त्यात बॅटरीचे वजन धरत नसत. नियमाने बॅटरी वगळली, तरी ब्रेकला ती वगळता येत नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी.

जुन्या पेट्रोल गाडीचे घरच्या घरी विजेच्या गाडीत रूपांतर करणाऱ्याची अडचण याच्या उलट असते. त्याच्या हाती गाडी तयार असते आणि तिचे ब्रेक मूळ वजनासाठी बनवलेले असतात. समजा, एका लहान गाडीचे रिकामे वजन ६५० किलो आणि भारासह कमाल वजन १००० किलो आहे. इंजिन, टाकी इत्यादी भाग काढल्याने १०० किलो कमी झाले. त्या जागी ५० किलोची मोटर व तिची जोडसामग्री आणि ३०० किलोच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या आल्या. आता रिकामी गाडीच ९०० किलोची झाली. मर्यादेत राहायचे, तर तीत चालक आणि एखादे शाळकरी मूल एवढेच बसू शकेल! तेवढीच वीज साठवणारी लिथियम बॅटरी सुमारे १०० किलोची असते. पण ती महाग पडते.

ब्रेकचा जोर तोच राहिला आणि वजन ६५० वरून ९०० किलो झाले, तर गाडी थांबण्यास लागणारे अंतर सुमारे ३८ टक्क्यांनी वाढते. पूर्वी ब्रेक दाबल्यावर जी गाडी २० मीटरमध्ये थांबे, ती आता २७ मीटरहून अधिक अंतर घेते. वेग वाढला तर परिणाम याहून तीव्र होतो, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सर्व बॅटऱ्या मागच्या सामानकक्षात रचल्या, तर मागील चाकांवर अतिभार येतो. पुढील चाके हलकी होतात आणि जोराने ब्रेक दाबताच ती लवकर घसरू लागतात. घसरणाऱ्या चाकांना स्टिअरिंग वळवू शकत नाही.

आणखी एक बाब सहसा विसरली जाते. अनेक गाड्यांत पायाच्या दाबाला साह्य करणारी निर्वात यंत्रणा इंजिनच्या ओढीवर चालते. इंजिन काढले की हे साह्य नाहीसे होते आणि पेडल अचानक कठीण लागते. त्यासाठी विजेवर चालणारा निर्वात पंप बसवावा लागतो. मोटरच उलट वीज निर्माण करून गाडीचा वेग कमी करते, हे खरे. परंतु बॅटरी पूर्ण भरलेली असताना ती ही वीज स्वीकारू शकत नाही. रात्रभर चार्ज करून सकाळी घराबाहेर पडताच उतार लागला, तर सारा भार साध्या ब्रेकवरच येतो. नंदी टेकडीसारखा लांब, वळणावळणाचा घाट उतरताना तर हे ब्रेक तापून निकामी होण्याची भीती असते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार मनाने करता येत नाही. कलम ११३ नुसार प्रमाणपत्रात नोंदलेल्या रिकाम्या आणि भारासह अशा दोन्ही वजनांची मर्यादा ओलांडून गाडी चालवता येत नाही. रूपांतर करायचे असल्यास चाचणीसंस्थेने मान्य केलेला संच अधिकृत केंद्रात बसवून घ्यावा आणि बदलाची नोंद परिवहन कार्यालयात करावी. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशीच एक चाचणीसंस्था आहे. परिचयातील एखाद्या गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र मिळाल्यास त्यावरील वजनांचे आकडे वाचा आणि वरीलप्रमाणे हिशोब करून पाहा.