नाताळचा फराळ व शेजाऱ्याचा वाटा

अभ्यासपाठ : नहेम्या, अध्याय ५ व ८, २ शमुवेल ६ : १२–१९

नाताळ आठ-दहा दिवसांवर आला म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती घरांतून तळणाचा वास येऊ लागतो. करंज्या, शंकरपाळी, चकल्या, नानखटाई, कोठे कोठे कलकल, असे पदार्थ होऊन डबे भरू लागतात. ह्या कामात घरातील माउलीचे कित्येक दिवस जातात व पुष्कळ पैसाही जातो. तथापि त्याविषयी उपासनेत एखादा शब्दही उच्चारला जात नाही. जणू काय उपासनामंदिराची हद्द चुलीच्या अलीकडेच संपते! पवित्र शास्त्र मात्र असे मानीत नाही. सणाचे खाणे कोणी करावे, कोणत्या पैशाने करावे व ते कोणाकडे पाठवावे, ह्या तिन्ही गोष्टींविषयी शास्त्रात स्पष्ट शिक्षण आहे. यास्तव ह्या आठवड्याचा पाठ आम्ही मुद्दाम चुलीपाशी नेत आहोत. उपदेशक बंधूंनी तो बायकांच्या सभेत घ्यावा, परंतु पुरुषांनाही तेथे बसवावे.

प्रथम एका जुन्या शंकेचा निकाल लावू. करंजी ही दिवाळीची, शंकरपाळी दिवाळीची. मग ख्रिस्ती मनुष्याने नाताळात ती करावी काय, असे नवे विश्वासी विचारितात, व कधी कधी जुनेही विचारितात. दाविदाने देवाच्या कराराचा कोश यरुशलेमेत आणिला तेव्हा त्याने जमलेल्या सर्व लोकांस, स्त्री व पुरुष असा भेद न करिता, भाकरीबरोबर खिसमिसांची एकेक ढेप वाटली, असे २ शमुवेलाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. आता होशेयाच्या तिसऱ्या अध्यायाचे पहिले वचन काढा. तेथे लोक अन्य देवांकडे वळून खिसमिसांच्या ढेपांची आवड धरितात म्हणून संदेष्टा त्यांस दोष देतो. मूळ इब्री भाषेत दोन्ही ठिकाणी ढेपेसाठी तोच शब्द आहे. एके ठिकाणी तो पदार्थ देवाच्या आनंदोत्सवाचा वाटा झाला. दुसऱ्या ठिकाणी मूर्तिपूजेचा भाग झाला. पिठाला व गुळाला धर्म नसतो. करंजी कोणापुढे ठेविली जाते हा प्रश्न आहे, तिची कड कशी मुरडली हा नव्हे. आणि 'नाताळ' हा शब्दसुद्धा पोर्तुगीज भाषेतून आपणांकडे आला हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांनी परक्या व आपल्या पदार्थांचा फार वाद घालू नये.

आता नहेम्याकडे वळू. आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचितो. लोक ते ऐकून रडू लागतात. तेव्हा नहेम्या, एज्रा व लेवी त्यांस म्हणतात की आज शोक करू नका. घरी जा, चांगलेचुंगले खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही सिद्ध झालेले नाही त्यांस वाटे पाठवा. बाराव्या वचनाप्रमाणे लोकांनी तसे केले, कारण वाचलेले वचन त्यांस समजले होते. ह्या शेवटच्या गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधितो. वचन समजल्याची खूण म्हणून तेथे दोन गोष्टी दिसतात : आनंद व पाठविलेला वाटा.

परंतु हा आठवा अध्याय वाचण्यापूर्वी पाचवा वाचला पाहिजे, आणि आमच्या मंडळ्यांत तो फार थोडा वाचला जातो. त्यात लोकांची ओरड आहे. कोणी म्हणतात, धान्यासाठी आम्ही शेते व द्राक्षमळे गहाण टाकिले. कोणी म्हणतात, आमची मुलेमुली दास्यात जात आहेत. आणि त्यांस लुबाडणारे परके नव्हते, आपलेच भाऊबंद होते. नहेम्याने त्या सरदारांस सर्वांसमक्ष उभे करून शेते, मळे, घरे व घेतलेले व्याज परत करविले. स्वतः त्याने सुभेदाराचा भत्ता घेतला नाही, तरी त्याच्या पंक्तीस दीडशे माणसे जेवीत असत. कर्जाचा निकाल पाचव्या अध्यायात लागला. सणाचे गोडधोड आठव्यात आले. हा क्रम आमच्याकडे पुष्कळ घरी उलटा असतो. आधी गोडधोड होते व मागून सावकार, पतपेढी किंवा बचतगटाचा हप्ता येतो. शेजारणीने पाच प्रकार केले म्हणून आपण सात करावयाचे, मुलांस नवे कपडे पाहिजेत, अंगणात कागदी तारा गेल्या वर्षीपेक्षा मोठा पाहिजे. आणि मार्च महिन्यापर्यंत त्या ताऱ्याचे पैसे फिटत नाहीत. आम्ही स्पष्टच लिहितो : उसन्या पैशाचा फराळ पाहुण्यांस गोड लागत असेल, पण घरच्यांस तो वर्षभर कडू लागतो. घरात दोन शेर पीठ असेल तर दोन शेरांचाच सण करावा. एकच पदार्थ करावा, पण तो चांगला करावा व त्यातून वाटा काढावा.

तो एक पदार्थ कोणता, असे कोणी विचारील तर आम्ही नानखटाई सांगू. तळण्यास लागणारे कढईभर तेल वाचते, ती पुष्कळ दिवस टिकते, आणि तिला भट्टी लागत नाही. कृती अशी : दोन वाट्या पिठास एक वाटी तूप व एक वाटी पिठीसाखर. मैदा अर्धा व गव्हाचे पीठ अर्धे घेतले तरी चालते. परातीत तूप व साखर हाताच्या तळव्याने इतकी फेसावी की ती पांढरी व हलकी होईल. ह्यात घाई करू नये, सगळी खुसखुस येथेच आहे. मग पीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा व वेलदोड्याची पूड घालून गोळा करावा. पाणी मुळीच घालू नये. जाड बुडाच्या पातेल्यात बोटभर स्वच्छ वाळू किंवा जाडे मीठ पसरून झाकण घालावे व पातेले चुलीवर चांगले तापवावे. आत वाटी उपडी ठेवून तिच्यावर नानखटाई मांडलेली थाळी ठेवावी, झाकणावर चार निखारे ठेवावे व खालचा जाळ मंद करावा. वीस-पंचवीस मिनिटांत कडा व बूड गुलाबी होतात. ऊन असताना ती मऊ असते. कच्ची राहिली असे समजून पुन्हा आत घालू नये, व थंड होईपर्यंत उचलूही नये. गॅसच्या शेगडीवर हेच करावयाचे, फक्त निखाऱ्यांऐवजी झाकण घट्ट बसेल असे पाहावे.

सजावटीचे काम मुलांकडे द्यावे. गोळा चपटा करून सुरीच्या पाठीने मध्यभागी एकमेकींस छेदणाऱ्या तीन रेघा ओढिल्या की सहा टोकांचा तारा होतो. पाच चारोळ्या दाबून बसविल्या तरी तारा दिसतो, आणि मागीलोकांची गोष्ट सांगावयास निमित्त मिळते. वरून पांढरी नक्षी पाहिजे असल्यास पिठीसाखरेत लिंबाच्या रसाचे थेंब घालून दाट लेप करावा. दुधाने केलेला लेप लवकर खराब होतो. रंगासाठी बिटाचा रस किंवा हळदीची चिमूट पुरे. बाजारातील भडक रंगांच्या पुड्यांवाचून आमचे काही अडत नाही. कलकल करणाऱ्यांनी पिठाची गोळी नव्या, धुतलेल्या फणीवर दाबून गुंडाळावी; काट्याच्या पाठीवरही ती सुरेख वळते. दुसऱ्याकडे पाठविण्याच्या करंजीत ओल्या नारळाचे सारण घालू नये, ते एक-दोन दिवसांत आंबते. सुके खोबरे भाजून घ्यावे. आणि कोणताही पदार्थ पूर्ण निवल्यावाचून डब्यात भरू नये, नाही तर आतल्या वाफेने तो मऊ पडतो.

येथे पुरुषवर्गास एक शब्द. नाताळच्या पहाटेच्या उपासनेत कित्येक भगिनी डुलक्या घेताना दिसतात. त्यांस दोष देण्यापूर्वी आदल्या रात्री चुलीपाशी कोण बसले होते, व कोण वाद्ये घेऊन गात हिंडत होते, ह्याचा विचार करावा. पीठ मळण्यास बळ लागते, ते देवाने पुरुषांस दिले आहे.

फराळ तयार झाला. आता ताट कोणाकडे जाते? बहुधा ते ज्याच्याकडून ताट येते त्याच्याकडे जाते. त्याने दहा करंज्या पाठविल्या, आपण दहा पाठविल्या. हिशेब बरोबर झाला. ह्यात पाप नाही, शेजारधर्म आहे. गोव्यातील ख्रिस्ती घरांतून नेवऱ्या, दोदोल, बेबिंका ह्यांचे ताट शेजारीपाजारी पाठविण्याची चाल फार जुनी आहे. त्यास पोर्तुगीज शब्दावरून 'कोंसुआदा' म्हणतात, व ते हिंदू शेजाऱ्यांकडेही जाते. परंतु लूकाच्या चौदाव्या अध्यायात जे उलट बोलावणे करू शकतात त्यांस सोडून जे करू शकत नाहीत त्यांस बोलवा, असे प्रभूने सांगितले. ह्या कसोटीला आमची किती ताटे उतरतील?

आमच्या गावांत एक चांगली रीत पूर्वीपासून आहे. ज्या घरी वर्षाच्या आत मृत्यू झाला असेल तेथे सणाचे तळण होत नाही, व शेजारी त्या घरी फराळ नेऊन देतात. धर्म बदलला तरी ही रीत सोडू नये. नहेम्याच्या आज्ञेशी ती तंतोतंत जुळते.

पण एक कठीण गाठ आहे. पुष्कळ बंधू म्हणतात, "पाळकसाहेब, आम्ही ताट नेऊ, पण ते घेतील काय?" ही भीती पोकळ नाही. १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नाहीशी केली. तरी उंबऱ्यावरून परत आलेल्या ताटाची फिर्याद कोणी कोठे करीत नाही. कोणी घेतात व मागल्या दाराने गुरांपुढे टाकितात. काही उपदेशक सुचवितात की अशा घरी शिजविलेले न पाठविता शिधा किंवा नारळ पाठवावा, म्हणजे कोणाचे मन दुखावणार नाही. आम्हांस हे पटत नाही. शिधा पाठविणे म्हणजे आपल्या हातास विटाळ आहे हे आपणच कबूल करणे होय. शिजविलेलेच न्यावे, नम्रपणे द्यावे, आणि परत आले तर राग न धरिता पुढल्या वर्षी पुन्हा न्यावे. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले आहे त्यांस ठाऊक आहे की १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाल्यावर त्या कित्येक दिवस आपले सोवळे वेगळे सांभाळीत होत्या, व ते पुढे कसे गळून पडले. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधली वर्षे कोणी जबरदस्तीने लहान केली नाहीत.

परंतु दुसऱ्याच्या उंबऱ्याविषयी बोलण्यापूर्वी आपला पाहू. आमच्याच मंडळ्यांत, दोन वेगळ्या वाड्यांतून आलेली ख्रिस्ती घरे एका बाकावर बसतात, एका पेल्यातून प्रभुभोजन घेतात, आणि नाताळचे ताट मात्र एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात जात नाही. अंत्युखियात पेत्र असाच पंक्तीतून मागे सरला, तेव्हा पौलाने त्यास तोंडावर विरोध केला (गलती २ : ११–१४). ज्या मंडळीत हे चालते तेथील उपदेशकाने आपले स्वतःचे ताट प्रथम त्या दुसऱ्या वाड्यात, दिवसाढवळ्या, आपल्या हाताने न्यावे; आणि तेथून ताट आल्यास ते घरात ठेवून न देता, आणणाऱ्यासमोरच बसून खावे.

आणखी एक घर आहे, पण ते गावच्या यादीत नसते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो व मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्या काळात बीड, अहिल्यानगर आदि जिल्ह्यांतील कोरडवाहू गावांतून हजारो कुटुंबे ऊस तोडण्यास जातात व फडाजवळ कोप्या घालून राहतात. नवराबायकोच्या जोडीस तेथे 'एक कोयता' म्हणतात. म्हणजे हिशेबात त्यांचे नावही उरत नाही. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ती राबत असतात, व फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा येतात. नहेम्याचा पाचवा अध्याय वाचून दाखविल्यास त्यांस टीकेची गरज लागणार नाही. आपल्या नानखटाईतील साखर अशाच हातांनी तोडलेल्या उसाची असते. नाताळ नेमका ह्या हंगामाच्या मध्यावर येतो, आणि कोपीत त्या दिवशी काहीही सिद्ध होत नाही. आपल्यापैकीही कित्येक कुटुंबे कोयता घेऊन गेलेली असतात. त्यांचे वृद्ध आईबाप मागे गावी एकटे राहतात. त्यांचाही वाटा धरावा.

बागायती भागातील मंडळ्यांनी यंदा हे करून पाहावे. डबे भरण्यापूर्वीच दहांतला एक हिस्सा बाजूस काढावा. उरलासुरला, मोडकातोडका माल ह्यासाठी राखू नये. कोप्यांवर पहाटे किंवा दुपारी जाण्यात अर्थ नाही, मोठी माणसे फडात असतात. दिवस मावळल्यावर, चुली पेटल्या असता जावे, व गाडी भरण्याची पाळी त्या रात्री आहे काय हे आधी मुकादमास विचारावे. मुलांची संख्या विचारून घ्यावी, म्हणजे कोणास कमी पडणार नाही. गाणी म्हणावयाची असल्यास एक-दोन म्हणावी. माणसे थकलेली असतात. आणि ताट नेऊ नये. आपल्याकडे रिकामे ताट परत करण्याची चाल नाही. त्या बाईने ताटात काय घालून परत करावे ह्या विवंचनेत पडू नये म्हणून पळसाच्या पानांचे द्रोण करावे, किंवा कागदाच्या पुड्या बांधाव्या, आणि त्या तेथेच ठेवून यावे.