एक टक्का म्हणजे किती?

आई जिल्हा परिषदेत आरोग्य सेविका होती. 2019 साली निवृत्त झाल्यावर मिळालेल्या रकमेतले पाच लाख तिने बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून म्युच्युअल फंडात टाकले. "काकू, आमची फी काहीच नाही," असं त्यांनी सांगितलं होतं. आईने वेगळा चेक कधी दिला नव्हता, त्यामुळे तिचा त्यावर पूर्ण विश्वास बसला.

फंडाचा खर्च खातेदाराकडून कुणी मागून घेत नाही. वर्षाचा जो टक्का ठरलेला असतो, त्याचा एका दिवसाचा वाटा रोज फंडाच्या मालमत्तेतून वजा होतो आणि उरलेल्यावर त्या दिवशीची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, निघते. त्याची पावती मिळत नाही, फोनवर मेसेजही येत नाही. एजंटचं किंवा बँकेचं कमिशन याच खर्चातून जातं, आणि पैसे फंडात आहेत तोवर दरवर्षी जात राहतं.

हे मला समजलं ते आईच्या नावाने येणाऱ्या एकत्रित उताऱ्यातून. मार्चअखेर आणि सप्टेंबरअखेर जो सहामाही उतारा येतो, त्यात सेबीच्या नियमानुसार वितरकाला किती कमिशन दिलं ते रुपयांत छापलेलं असतं. बहुतेक लोक वरची एकूण रक्कम बघून फाईल बंद करतात. तुम्ही तसं करू नका, खालचा बारीक तक्ता वाचा. आईच्या उताऱ्यात सहा महिन्यांचे जवळपास तीन हजार होते. शेजारच्याच रकान्यांत त्या फंडाच्या रेग्युलर आणि डायरेक्ट योजनांचा खर्च दिला होता, आणि दोन्हींत सुमारे एका टक्क्याचं अंतर होतं. फंड तोच, मॅनेजर तोच, शेअरही तेच. डायरेक्टमध्ये मधल्या माणसाचं कमिशन नसतं, एवढाच फरक. ही सोय जानेवारी 2013 पासून आहे, पण बँकेच्या टेबलावर तिचं नाव सहसा निघत नाही.

एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पाच लाख रुपये वीस वर्षं दरसाल 12 टक्क्यांनी वाढले तर साधारण 48 लाख होतात, 11 टक्क्यांनी वाढले तर 40 लाख. फरक आठ लाखांचा, म्हणजे मूळ मुद्दलापेक्षाही मोठा. 12 टक्के मिळतीलच असं कुणी सांगू शकत नाही, मीही सांगत नाही. पण बाजार चढो वा पडो, खर्च कापला जाणार हे ठरलेलं आहे. म्हणून फंड निवडताना मी आधी खर्चाचा आकडा बघते.

परताव्याच्या आकड्याबाबत मात्र फार सावध राहायला हवं. 2021 च्या एप्रिलमध्ये त्याच साहेबांनी आईला एक रंगीत तक्ता दाखवला. एका वर्षात सत्तर टक्के! जुना फंड विकून यात या, असा आग्रह होता. आता निफ्टी बघा. 31 मार्च 2020 ला, कोरोनाच्या पडझडीत, तो 8600 च्या आसपास होता आणि 31 मार्च 2021 ला 14,690 च्या. म्हणजे निर्देशांकच सत्तर टक्क्यांनी वर गेला होता, फंडाने वेगळं काही कमावलेलं नव्हतं. तीच मोजणी जानेवारी 2020 पासून केली, तेव्हा निफ्टी बारा हजारांच्या वर होता, तर वाढ वीस टक्क्यांच्या आसपासच भरते. सुरुवातीची तारीख सोयीची निवडली की कोणताही फंड हुशार दिसतो.

म्हणून परतावा कुणी सांगितला की त्याच काळात त्या फंडाच्या निर्देशांकाने लाभांश धरून किती दिले, ते विचारा. फंडाचा छापील परतावा खर्च वजा जाता असतो, तेव्हा ही तुलना सरळ करता येते. पाच-सात वर्षांच्या वेगवेगळ्या टप्प्यांत फंड निर्देशांकाच्या मागेच पडत असेल, तर जादा खर्च कशासाठी द्यायचा? साध्या निर्देशांक फंडांपैकी काहींच्या डायरेक्ट योजनांचा खर्च पाव टक्क्याहूनही कमी आहे. आणि "नवा फंड आहे, दहा रुपयांत मिळतोय" याला भुलू नका. दहा रुपयांची एनएव्ही म्हणजे स्वस्त माल नव्हे, त्या फंडाला मागचा इतिहास नाही एवढाच तिचा अर्थ.

हे वाचून लगेच सगळं विकायला धावू नका. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं ही कायद्याने विक्रीच धरली जाते. वर्षाच्या आत विकलं तर अनेक इक्विटी फंडांत एक टक्का एक्झिट लोड लागतो. वर्षानंतर एका आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखावरच्या नफ्यावर 12.5 टक्के कर आहे. आईचे पैसे आम्ही त्या मर्यादेत राहून टप्प्याटप्प्याने हलवले.

सगळेच एजंट लुबाडतात असंही माझं म्हणणं नाही. काकांच्या एजंटने मार्च 2020 मध्ये रोज फोन करून त्यांना घाबरून विकू दिलं नाही. त्या माणसाचं कमिशन काकांना आजही जड वाटत नाही, आणि ते किती जातं हे त्यांना रुपयांत ठाऊक आहे.