कवेलूवर चढलेल्या माणसांबद्दल

चंद्रपूर,
रोहिणी नक्षत्र

चि. बाबू,

फोन करणार होते. पण फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. वहिनीला, म्हणजे तुझ्या आईला, हे वाचून दाखवू नको. तिच्याशी काय बोलायचं ते मी येऊन बोलेन.

मूलच्या बसस्थानकावर परवा आपल्या मागच्या घरची काकू भेटली. गाडीला वेळ होता आणि तिला राहवत नव्हतं. तिच्याकडून दोन गोष्टी कळल्या. एक पैशाची आहे, दुसरी तुझी. पैशाची आधी लिहून टाकते.

मोटारसायकलवर दोघं आले. तू तेंदूच्या फळीवर, वहिनी सपरीत एकटी. म्हणाले, काकू, पलीकडच्या वॉर्डात आमचं काम सुरू आहे, जाता जाता तुमचं आढं दिसलं, पार खचलं आहे, पहिल्या पावसात मागची भिंत बसेल. वहिनी हो-नाही म्हणायच्या आत एक जण वर चढलासुद्धा. खाली आला तो हातात दोन फुटकी कवेलू आणि मूठभर माती घेऊन. उधई मयालीपर्यंत गेली, म्हणाला. सामान उरलेलं आहे, आज केलं तर अर्ध्या भावात, उद्या आम्ही गोंडपिपरीला. वहिनीने पेटीतून 11,000 रुपये काढून दिले. त्यांनी कवेलूंवर काहीतरी काळं फासलं, भिंतीवर पंपाने वासाचं पाणी मारलं, ‘उद्या दुसरा हात मारतो’ म्हणाले आणि गेले ते गेले.

11,000 थोडे नाहीत. पहाटे अंधारात, वाघाची धास्ती पोटात घेऊन जंगलात जायचं आणि 70-70 पानांचे पुडे बांधत बसायचं, तेव्हा कुठे ते जमतात. तरी मला त्या पैशाचं तेवढं वाटलं नाही. कारण मग काकूने दुसरी गोष्ट सांगितली. नंतरच्या आठवड्यात कुकर-शेगड्या दुरुस्त करणारा एक माणूस सायकलवरून वॉर्डात आला, तर तू आणि तुझ्या दोस्तांनी त्याला पाण्याच्या टाकीजवळ अडवलं. त्याची पिशवी रस्त्यावर उपडी केली. फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, हेच ते लोक, दिसले की धरा. आणि कोणीतरी त्याच्या कानाखाली वाजवली.

कोणी वाजवली, ते ‘मले काय मालूम’ म्हणून काकू दुसरीकडे पाहायला लागली. बाबू, तो हात तुझा होता का?

आधी वहिनीचं. तिच्यावर तू आवाज चढवलास, हेही माझ्यापर्यंत आलं आहे. दादा, तुझे वडील, गेल्यापासून तिने ते घर कसं उभं ठेवलं, हे तुला शेजाऱ्यांनी सांगायची पाळी येऊ नये. ती भोळी म्हणून फसली, असं तू समजतोस. ती फसली कारण त्या माणसांनी नेमकी वेळ साधली. मे महिन्यात धडधाकट माणसं पहाटेपासून जंगलात, म्हातारी माणसं आणि लेकरं घरी, पेटीत दोन पैसे आलेले, आणि मृग डोक्यावर. पावसाळ्याच्या तोंडावर गळक्या घरातल्या बाईला ‘भिंत बसेल’ म्हटलं की तिचा हात पेटीकडेच जाणार. ही माणसं मजुरी विकायला येत नाहीत, भीती विकायला येतात. मजुरी हे निमित्त. तुला तरी रात्री झोप लागली असती का?

आणि छपराचं तर त्यात काही तथ्यच नव्हतं. आपलं कवेलू देशी, खालचं उताणं आणि वरचं पालथं. ते गळतं ते सरकल्यामुळे, खालचा बांबू कुजल्यामुळे नाहीतर वानरांनी उड्या मारून फोडल्यामुळे. त्यावर काळं फासून काय होणार? सरकलेलं कवेलू काळं झालं तरी सरकलेलंच राहतं. त्याला फेरावंच लागतं, फुटलेली बदलावी लागतात, त्याला दुसरा उपाय नाही. दादा काय करायचा ते तू लहानपणी पाहिलं आहेस. भर दुपारी घराची दारं लावून घ्यायचा आणि आत अंधारात उभा राहायचा. जिथून उन्हाचा कवडसा जमिनीवर पडला तिथे खडूने गोल काढायचा. त्या गोलावरून वरची जागा. फुकटात तपासणी. उद्याच करून बघ. वरून आणलेलं फुटकं कवेलू काही पुरावा नाही, वर चढलेल्याच्या पायाखालीही कवेलू फुटतंच.

उधईचंही तसंच. खरी उधई असेल तर भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसतात, लाकडावर बोट वाजवलं की पोकळ आवाज येतो. जाणकार माणूस भिंत आणि जमीन मिळते तिथे फूट-फूट अंतरावर भोकं पाडून आत औषध सोडतो आणि औषधाचा डबा आपल्याला दाखवतो. भिंतीवर नुसता पंप मारून निघून जाणारा काही देऊन जात नाही, वास तेवढा ठेवून जातो.

तू पोलीस ठाण्यात गेला नाहीस, असं दिसतं. जा. लाज वाटायचं कारण नाही. फसवणुकीचं पूर्वीचं 420 आता, 1 जुलै 2024 पासून, भारतीय न्याय संहितेत 318व्या कलमात आहे. दिलेले पैसे 5 लाखांच्या आत असतील तर चंद्रपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, तक्रार आधी 1915वर फोन करूनही सांगता येते. पण दावा लावायचा तो कोणावर? नाव नाही, गाव नाही, पावती नाही, गाडीचा नंबर कोणी पाहिला नाही. म्हणून म्हणते, पुढल्या वेळी पहिलं नाव-गाव, मग आढं.

आणखी एक, कारण एकदा फसलेल्या घरी असली माणसं पुन्हा येऊ शकतात. आता कोणी भांडी चकाकवून देतो म्हणून आलं तर वहिनीच्या दागिन्यांना हात लावू देऊ नका. आधी पितळी लोटा फुकट उजळून दाखवतात, मग पायातली चांदी, मग सोनं. ते पाणी असतं तेजाबाचं, सोनं त्यात विरघळून उतरतं आणि हळदीच्या पाण्यात ठेवून ‘थोड्या वेळाने काढा’ सांगून माणूस पसार होतो. गॅस कंपनीतून नळी बदलायला आलो म्हणणाऱ्याला सपरीतच बसव आणि आपल्या एजन्सीला फोन लाव, खरा असेल तर तो थांबेल. गॅस गळतोय असं खरंच वाटलं तर 1906. हे वहिनीला मोठ्या अक्षरात लिहून दे, तिला मोबाइलमध्ये शोधता येत नाही.

हे सगळं मी लिहिते आहे, आणि मन पाण्याच्या टाकीजवळच घुटमळतं आहे. किती जण होता तुम्ही? त्या माणसाचं वय काय होतं?

राईनपाड्याचं नाव तू ऐकलं असशील, नसशील. धुळे जिल्हा, साक्री तालुका. 1 जुलै 2018, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी भिक्षा मागत तिकडे गेले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश तेव्हा मोबाइलवर गावोगाव फिरत होते. लोकांनी त्यांना धरलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाच माणसं मेली. मारणाऱ्यांत तुझ्या वयाची पोरं होती, आणि त्यातलं कोणी सकाळी घरून माणूस मारायला म्हणून निघालं नसेल. त्यांच्याही मोबाइलवर कोणीतरी असंच लिहिलं असेल, दिसले की धरा.

तू लिहिलेले शब्द आणि हे शब्द शेजारी ठेवून वाच. मी वाचले तेव्हा माझा जेवणावरचा हात थांबला.

आता एक सांगते, जे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. दादाला माहीत होतं, आणि दादा नाही. मी मॅट्रिकला होते. उन्हाळ्यात वडार बाया पाट्याला टाकी घालायला दारोदार यायच्या. एक आमच्याकडे दरवर्षी यायची, पाठीला लेकरू बांधलेली. जातं, पाटा, दोन्हींना टाकी घालून द्यायची, आई तिला पायलीभर धान आणि जुनं लुगडं द्यायची. त्या वर्षी ती गेल्यावर ओसरीतला लोटा दिसेना. मी म्हटलं, तिनेच नेला. अजून कोणी काही बोललंही नव्हतं. चार घरच्या बायांना घेऊन मी तिला मारुतीच्या देवळापाशी गाठलं आणि तिचं गाठोडं सोडायला मीच पुढे झाले. टाक्या, हातोडी, शिळी भाकर, लेकराचं झबलं आणि आपल्याच घरचं धान. लोटा नव्हता. तो नंतरही कधी सापडला नाही. तिने नेला की कोणी दुसऱ्याने, मला आजही सांगता येत नाही. नेला असेलही. पण तिचे कपडे मी रस्त्यावर पसरले, ते त्या लोट्यासाठी नव्हते पसरले. चार बाया माझ्या मागे उभ्या होत्या आणि मला पुढे उभं राहायला आवडत होतं.

दादा तिथेच उभा होता. त्याने खाली बसून ते धान ओंजळीने गोळा केलं आणि तिला गाठ मारून दिली. मला एक शब्द बोलला नाही. ती बाई पुन्हा पोंभुर्ण्यात दिसली नाही, निदान आमच्या वॉर्डात नाही.

पुढे मास्तरकी करताना मुलांना शिकवायचं म्हणून वाचलं, तेव्हा कळलं की इंग्रजांनी 1871 साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या आणि तो कायदा 31 ऑगस्ट 1952ला उठला. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत वडार आहेत, छपरं बांधणारे छप्परबंदही आहेत. फळ्यावर ते लिहिताना माझा हात जड व्हायचा. मुलांना वाटायचं, बाईंना संधिवात.

म्हणून दारी आलेल्या प्रत्येकाला हाकलून दे, असं मी सांगणार नाही. कल्हईवाला, पिंजारी, सुऱ्यांना धार लावणारा, सूप-टोपल्या घेऊन येणारा आपला बुरूड, ही सगळी न बोलावताच यायची आणि त्यांच्याच जिवावर आपली घरं चालली. ती माणसं दुसऱ्या वर्षी परत यायची, एवढाच फरक. येणाऱ्याला पाणी दे, बसव, विचार की या वॉर्डात यापूर्वी कोणाकडे काम केलं. सांगेल त्या घरी जाऊन ये. पहिल्या दिवशी कोणालाही छपरावर चढू द्यायचं नाही, कितीही घाई दाखवो. भिंत आजपर्यंत उभी आहे, ती रविवारपर्यंत राहील. कवेलू, बांबू, औषध आपण दुकानातून आणायचं, त्याने फक्त हात चालवायचे. रोजी रोजच्या रोज द्यायची, उरलेला हिशोब पहिली झड लागून गेल्यावर. खऱ्या कारागिराला हे चालतं. ज्याला चालत नाही तो स्वतःच गाडीला किक मारतो, तुला हात उचलावा लागत नाही.

जास्त बोलले असेन. तुझ्या वयात घरचं सगळं अंगावर पडलं की राग कुठेतरी निघतो, हे कळतं मला. त्या दोघांवर काढायचा तो सापडले नाहीत म्हणून सायकलवाल्यावर निघाला. दादा असता तर तुला आधी जेवायला बसवलं असतं आणि मग विचारलं असतं. मी उलटं केलं. जेवतोस ना वेळेवर? काकू म्हणत होती, वाळला आहेस.

मी बुधवारच्या सकाळच्या गाडीने येते. कवेलू फेरायला पैसे मी आणते, त्यावर वाद नको, ते तुझ्या आजोबांचं घर आहे आणि माझंही. मूलच्या कुंभाराकडे शेवटचे दोन-तीनशे नग मिळतील असं ऐकलं आहे, निरोप पाठवून ठेव.

आणि काकू म्हणाली, त्या माणसाचे पाने-पक्कड तुमच्या सपरीत पडून आहेत. पाने नाहीत तर तो महिनाभर काय खाईल? आज रात्रीच तो फोटो ग्रुपवरून काढ आणि ‘मी चुकीचं टाकलं’ असं तिथेच लिही, तुझ्या नावाने. मग त्याचं गाव कोणतं ते विचारून ठेव. चिचपल्लीकडचा असेल नाहीतर पार गडचिरोलीचा, कुठलाही असो. गुरुवारी आपण दोघं जाऊ. गाडी तू चालव, बोलेन मी आधी. तुला नंतर काही सुचलं तर बोल, नाही सुचलं तर नुसती पिशवी हातात दे. मारलं तू असशील की दुसऱ्या कोणी, ते मला वाटेत सांग, माझ्याकडे बघून सांगायला लागणार नाही, मी मागे बसलेली असेन.

हेल्मेट दोन घे. माझ्या डोक्याला दादाचं बसायचं नाही, काकूच्या पोराचं माग.

तुझी
आत्या