कटर घ्यायचा तर आधी दुकान बघा

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि शेजारच्या दापोली-मंडणगडलाही त्याने सोडलं नाही. आंबे मुळासकट आडवे, फणस गोठ्यांवर, आगरात पोफळी एकीवर एक. रस्ते मोकळे करायला आलेल्या माणसांच्या हातात कटर, म्हणजे पेट्रोलवरचे चेनसॉ, होते आणि आम्ही दिवसभर कुऱ्हाडीने फोडायचो तो ओंडका ते चहा निवायच्या आत कापून मोकळे होत. पुढच्या वर्षी तौक्तेने उरलंसुरलं पाडलं. तेव्हापासून आमच्या भागात ज्याच्या त्याच्या पडवीत एक कटर दिसू लागला. त्यातले निम्मेअधिक आज गोणपाटाखाली आहेत.

आमचा कटर मुंबईच्या चुलतभावाने ऑनलाईन मागवून पाठवला. 58 सीसी, 22 इंची बार, सोबत जादा चेन, गॉगल, हातमोजे, तेल मोजायची बाटली, आणि किंमत दहा हजारांच्या आत. पहिला हंगाम त्याने झकास काम केलं. हे मुद्दाम सांगतो, कारण स्वस्तातलं मशीन पहिल्या दिवसापासून दगा देतं असं नाही. तसं असतं तर लोकांनी तेव्हाच परत केलं असतं. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात, पावसाची बेगमी चालू असताना, एक्सिलरेटर सोडला तरी चेन फिरत राहायला लागली. आवाजही चढा झाला. कापणारा गडी खूश: "आज जोरात आहे मशीन!" दुपारपर्यंत किंजळीच्या ओंडक्यात निम्म्यावर असताना ते गप्पकन थांबलं. दोरी ओढली तर जागची हलेना.

दापोलीच्या मिस्त्रीने सायलेन्सर काढला आणि मोबाईलचा उजेड आत मारून मला बघायला सांगितलं. सायलेन्सरमागच्या भोकातून पिस्टनची कड दिसते. तिच्यावर उभे चरे पडले होते, नखाने खरवडल्यासारखे, वरून खालपर्यंत. "काका, याला तेल मिळालं नाही." तेल तर आम्ही न चुकता घालत होतो. मग त्याने कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधला रबराचा तुकडा काढून वाकवला, तेव्हा केसाएवढी चीर उघडली. तिथून जादा हवा आत जात होती. या मशीनला इंजिन ऑईलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमधून येईल तेवढंच तेल. हवा वाढली की त्या मानाने पेट्रोल कमी पडतं, पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि मशीन जोरात पळतंय असं वाटत असतानाच आतून जळत असतं. म्हणून आयडलिंगला चेन फिरायला लागली आणि कार्बोरेटरचा स्क्रू किंचित फिरवूनही थांबली नाही, तर त्या दिवशी पुढचं लाकूड कापू नये.

तो रबर किरकोळ किमतीचा. पण तो ना दापोलीत मिळाला, ना खेडला. पिस्टनचं तर त्याहून अवघड. एकाच साच्यातली ही मशीनं निरनिराळ्या स्टिकरांखाली आणि निरनिराळ्या सीसींच्या नावाने विकली जातात. बोअर मिलिमीटरमध्ये मोजल्याशिवाय कुठलं किट लागेल ते कळत नाही. सामान येईपर्यंत मृग लागला आणि लाकडं अंगणात भिजली. पावसाळाभर न्हाणीत धूर.

तेव्हा कटर घ्यायचा असेल तर सीसी, इंच आणि ऑफर बाजूला ठेवा. आपल्या तालुक्याच्या गावात ज्या कंपनीची मशीनं उघडणारा मिस्त्री आहे, त्याच कंपनीचं मशीन घ्या. दुकानात गेल्यावर मशीन नंतर बघा, आधी सुटे भाग दाखवायला सांगा: चेन, स्प्रॉकेट, स्टार्टरची दोरी, एअर फिल्टर, कार्बोरेटरचं डायफ्राम किट. "मागवून देतो" म्हणाला तर समजून जा. श्टील, हुस्क्वार्ना यांसारख्या नावाजलेल्या कंपन्यांचं मशीन स्वस्तातल्याच्या तिप्पट-चौपट पडतं, खरं आहे. पण फाटलेला डायफ्राम त्याच दिवशी बदलून मिळत असेल तरच त्या जादा पैशाला अर्थ. जवळ दुकान नसेल तर नावाजलेलं मशीनही गोणपाटाखालीच जायचं.

घरच्या सरपणाला 40 ते 45 सीसी आणि 16 इंची बार पुरे होतो. त्याहून जाड खोड दोन्ही बाजूंनी कापता येतं. 22 इंची बार पुढे जड लागतो, टोक सारखं जमिनीकडे जातं, आणि आमच्या जांभ्याच्या जमिनीला फिरती चेन एकदा लागली की सगळे दात एका क्षणात बोथट.

कटरमध्ये कापते ती चेन. इंजिन नुसतं तिला फिरवतं. चांगलं मशीन बोथट चेनने चालवणारे मी इतके पाहिले आहेत की आता लांबून खाली पडणारा भुसा बघूनच ओळखतो. धार असली की जाडसर कीस पडतो, नसली की पिठासारखी पूड. पूड पडायला लागली की माणूस मशीन लाकडावर दाबतो, क्लच तापतो, बार झिजतो आणि दोष कंपनीला. नवी चेन घेताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पिच, बारच्या खाचेची जाडी आणि आतल्या दात्यांची संख्या. पहिल्या दोन बहुधा बारवरच कोरलेल्या असतात, दाते मोजून घ्यावेत. कानसही पिचप्रमाणे घ्यायची. 0.325 इंच पिचला साधारण 4.8 मिलिमीटरची गोल कानस लागते, लहान मशीनच्या 3/8 लो प्रोफाईलला 4 मिलिमीटरची. कापणाऱ्या दात्याला आतून बाहेर, साधारण 30 अंशात, प्रत्येकाला सारखेच हात. एका बाजूला जास्त झाले तर काप कमानीसारखा वाकडा जातो. दर टाकीला दोन-तीन हात मारले तर दुकानात धार लावायला न्यावी लागत नाही.

पैसे देण्याआधी मशीन दुकानदारालाच थंड स्थितीत सुरू करायला लावा. तापवून ठेवलेलं मशीन बहुधा पहिल्या ओढीला सुरू होतं. आयडलिंगला चेन स्थिर हवी. वेग द्या, पुढचं गार्ड पुढे ढकला, चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. मग बारचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यावर थोडं वर धरून वेग द्यायला सांगा. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली तर चेनच्या तेलाचा पंप चालू आहे. ते पुढचं गार्ड म्हणजे चेनचा ब्रेक. तो वापरायची वेळ कधी येते? बारच्या टोकाचा वरचा भाग मागच्या एखाद्या फांदीला टेकला की मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत उसळून अंगावर येतं. लुंगी आणि स्लिपरवर कटर चालवणारे आमच्याकडे पैशाला पासरी आहेत. निदान बूट, चष्मा आणि कानात बोळे तरी.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल किती घालायचं ते मशीनच्या पुस्तिकेत बघा, शेजाऱ्याला विचारू नका. नावाजलेल्या मशीनना चांगल्या तेलात बहुधा 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली. स्वस्तातल्या बऱ्याच मशीनना 25 ला 1, म्हणजे 40 मिली. गाडीचं इंजिन ऑईल इथे चालत नाही.

आता कोकणातलं खरं दुखणं. जूनपासून चार महिने मशीन पडून राहतं. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. टाकीत राहिलेलं पेट्रोल खराब होतं, डायफ्राम कडक पडतो, नळ्या चिरतात. दिवाळीनंतर "सुरू होत नाही" म्हणून दुकानात येणाऱ्या मशीनचा आजार बहुधा हाच. पावसाआधी टाकी रिकामी करा, मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. चेन काढून तेलात बुडवून ठेवा. जागा मात्र कोरडी. न्हाणीघराच्या माळ्यावर नको.

विजेवरचा कटर वाईट नाही. अंगणातल्या अंगणात फाटी तोडायला आवाज कमी, पेट्रोलची कटकट नाही. पण दोन हजार वॅटचा भार संध्याकाळच्या व्होल्टेजवर ओढत नाही, आणि वादळानंतर, नेमका कटर लागतो तेव्हा, वीजच नसते.

उभं झाड पाडण्याआधी वनखात्यात चौकशी करा. आपल्या जागेतलं असलं तरी 1964 च्या झाडतोडीच्या कायद्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, ऐन, किंजळ, साग, खैर ही सगळी आहेत.

आणि वर्षाकाठी एखादंच झाड, चार फांद्या एवढंच लाकूड निघत असेल तर कटर घेऊच नका. रोजावर कटरवाला बोलवा. तो यायच्या आधी ओंडके उचलून आडव्या दांड्यांवर ठेवा, साल झाडून माती काढा, कुंपणाचं झाड असेल तर त्यात गिळलेली तार आणि खिळे शोधा. चेन बोथट झाली की तो कानस घेऊन बसतो आणि रोज तुमचा जातो. मे महिन्यात त्याला आठ दिवस आधी सांगून ठेवावं लागतं, कारण तेव्हा सगळ्या वाड्यांना तो एकदमच हवा असतो.